'क्षुधित पाषाण': महाल झपाटलेला की माणूस थापाड्या?

वहाळ
मंडळी, आमच्या कुडाळच्या वाचनकट्ट्यावर या वेळी रवींद्रनाथांची 'क्षुधित पाषाण' (म्हणजे भुकेले दगड) ही कथा घेतली होती. चर्चा एवढी पेटली की ज्यांच्या पडवीत बसलो होतो त्या काकूंनी शेवटी दिवा मालवायची धमकी दिली तेव्हा लोक उठले. निकाल काही लागला नाही म्हणून इथे टाकतोय.

ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी (कथा १८९५ ची आहे, त्यामुळे स्पॉयलर दिला म्हणून ओरडू नये): पूजेच्या सुट्टीत फिरून परत येताना निवेदक आणि त्याचा एक थिऑसॉफिस्ट (गूढविद्या मानणारा) नातेवाईक यांना ट्रेनमध्ये एक गृहस्थ भेटतो. जगातलं सगळं ठाऊक असल्यासारखा बोलतो. जंक्शनवर गाडी लेट, मग वेटिंग रूममध्ये तो आपली गोष्ट सांगतो. जुनागढ सोडून निजामाच्या चाकरीत, 'बरीच' नावाच्या गावी कापसावरचा कर गोळा करायची नोकरी, शुस्ता नदीच्या काठी शाह महमूदाचा अडीचशे वर्षांपूर्वीचा संगमरवरी विलासमहाल. ऑफिसातला म्हातारा कारकून करीम खाँ सांगतो की दिवसा खुशाल राहा, रात्री नको. हा राहतो. मग पैंजण, अत्तर, न दिसणाऱ्या मुली नदीवर आंघोळीला धावतायत, एक अरबी दासी बोटांनी खुणावत कुठेतरी नेतेय वगैरे. पहाटे वेडा मेहेर अली बाहेर ओरडत फिरतो, 'तफात जाओ, सब झूठ है' (दूर व्हा, सगळं खोटं आहे). शेवटी करीम खाँ म्हणतो सुटकेचा एकच मार्ग आहे, पण त्यासाठी एका इराणी दासीची हकीकत ऐकावी लागेल. आणि तेवढ्यात गाडी येते! गोष्ट तिथेच तुटते. निवेदक म्हणतो सगळं बनवलेलं, त्याचा नातेवाईक म्हणतो खरं, आणि दोघांचं कायमचं फाटतं.

माझं मत सरळ आहे. तो माणूस थापाड्या आहे, टागोरांनी निवेदकाच्या तोंडून ते सांगितलंय सुद्धा. तुमचं काय?

फुरसं
सहमत. एकटा माणूस, एवढं मोठं घर, बोलायला कोणी नाही. डोकं फिरणारच.

आंबोळी
वहाळदादा, निवेदक म्हणतो म्हणून खरं? तो तर अख्ख्या कथेतला सगळ्यात कमी विश्वासू माणूस आहे. स्वतः म्हणतो की बनवाबनवी आहे, आणि तीच बनवाबनवी अत्तराच्या वासासकट, पायऱ्यांसकट, गारव्यासकट आपल्याला पानंच्या पानं सांगतो. ज्याला ऐकताना काहीच झालं नाही तो एवढं लक्षात ठेवेल का?

वहाळ
@आंबोळीताई, चांगली थाप लक्षात राहतेच की. आमच्याकडे शिमग्यात ऐकलेल्या थापा लोकांना तोंडपाठ आहेत.

गजाली_नको
अरे पण तुमी देवचाराक खंय इसारलात? आमच्या आजयेन सांगलेला, देवचार रातचो काठी आनि घोंगडी घेवन गावाच्या शिवेर फिरता आनि वाट चुकलेल्याक घराकडे सोडता. तो कोणाक गिळणा नाय. त्या म्हालाक असो एक राखणदार असतो तर हो धागोच इलो नसतो.

फुरसं
😂 करीम खाँच देवचार समजा.

सड्यावरचा
फुरसं म्हणतोय त्यात दम आहे आणि त्याला शास्त्रीय आधार पण आहे. इंग्लंडात कॉव्हेंट्रीला विक टँडी नावाचा इंजिनिअर होता, त्याच्या लॅबमध्ये लोकांना विनाकारण भीती वाटायची, अंगावर काटा यायचा, त्याला स्वतःला डोळ्याच्या कडेला राखाडी आकृती दिसली. शोधल्यावर कळलं की नवीन बसवलेला एक्झॉस्ट फॅन साधारण १९ हर्ट्झचा आवाज करतोय, जो कानाला ऐकू येत नाही पण शरीराला जाणवतो. फॅनची गडबड दूर केली, भूत गेलं. १९९८ मध्ये त्याने त्यावर पेपर लिहिला. जुन्या इमारतीत वाऱ्यानेही असे आवाज तयार होऊ शकतात.

आंबोळी
शाह महमूदाच्या महालात एक्झॉस्ट फॅन कुणी बसवला?

सड्यावरचा
ताई, वारा म्हटलंय मी. वारा.

कोकणकन्या_लेट
मला वाटतं लोक महालातच अडकलेत, वेटिंग रूमकडे कोणी बघतच नाहीये. पावसाळ्यात कोकण रेल्वेने नियमित जाणाऱ्याला ही कथा वेगळी कळते. १० जूनच्या आसपास पावसाळी वेळापत्रक लागलं की गाड्यांचा वेग कमी, कुठेतरी दरड आली की तासन् तास स्टेशनवर, मोबाईलची बॅटरी संपलेली, आणि मग शेजारचा माणूस बोलायला लागतो. तुम्हाला माहीत असतं की हा परत कधी भेटणार नाही, त्यालाही माहीत असतं. अशा वेळी माणसं जे सांगतात ते घरी बायकोला पण सांगत नाहीत. खरं पण सांगतात आणि अचाट खोटं पण सांगतात, कारण दोन्हीची किंमत मोजावी लागत नाही. मला एकदा रत्नागिरीला एका गृहस्थांनी आपल्या भावाची अशी काही हकीकत सांगितली की मी ऐकतच राहिलो आणि ऐन वेळी त्यांची गाडी दुसऱ्या प्लॅटफॉर्मवर लागली. भावाचं पुढे काय झालं देव जाणे.

टागोरांनी ही गोष्ट घराच्या ओटीवर किंवा क्लबात सांगितली असती तर कोणीतरी म्हटलं असतं उद्या ये आणि राहिलेली सांग. वेटिंग रूममध्ये उद्या नसतो.

वहाळ
वा! पण मग हे माझ्याच बाजूने झालं ना? किंमत मोजावी लागत नाही तिथे थापा मारायला काय जातंय.

कोकणकन्या_लेट
तुम्ही अर्धंच वाक्य घेतलंत.

बोरूबहाद्दर
थोडी माहिती, कारण कोणी लिहिली नाही अजून. टागोर १८७८ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, विलायतेला जाण्याआधी अहमदाबादला भाऊ सत्येंद्रनाथ यांच्याकडे राहिले होते. सत्येंद्रनाथ आयसीएसमधले पहिले भारतीय, तिथे जज्ज होते आणि त्यांचं निवासस्थान म्हणजे शाहीबागेतला बादशाही राजवाडा, शाहजहान गुजरातचा सुभेदार असतानाचा. खाली साबरमतीचं आटलेलं पात्र. भाऊ कोर्टात गेला की एवढ्या मोठ्या वाड्यात हा पोरगा एकटा, आवाज फक्त पारव्यांचा. रात्री गच्चीवर चांदण्यात फेऱ्या मारायच्या, आणि स्वतःच्या गाण्यांना स्वतःची चाल लावणं तिथेच सुरू झालं. या कथेचं बीज त्या घरात मिळालं असं त्यांनीच पुढे लिहून ठेवलंय.

आता मजा बघा. आठवणींमध्ये ओसाड असते ती दुपार. कथेत मात्र दुपार म्हणजे कोट, टोपी, ऑफिस, हिशेब आणि रात्री महाल जागा होतो. ही उलटापालट त्यांनी मुद्दाम केलीय.

अवांतर: तो वाडा अजून आहे, सरदार पटेलांचं स्मारक आहे तिथे. नदीला मात्र आता रिव्हरफ्रंट झालाय, कुठलीही अरबी दासी तिथे आंघोळीला उतरणार नाही.

काळीकाठ
बोरूकाका, अहमदाबाद झालं, आमच्या कारवारला विसरू नका! सत्येंद्रनाथांची बदली पुढे कारवारला झाली आणि १८८३ मध्ये रवींद्रनाथ इथे येऊन राहिले. इथेच त्यांनी एक नाटक लिहिलं. आठवणींत कारवारचं एक प्रकरणच आहे: चांदण्या रात्री काळी नदीतून होडीने वर जाणं, शिवाजीच्या एका जुन्या डोंगरी किल्ल्यापाशी उतरणं, आणि परतताना नदीच्या मुखाशी उतरून वाळूतून चालत घरी येणं. वाचलं की कळतं, ह्या माणसाला भुताची गरजच नव्हती, नुसत्या चांदण्याने त्याचं काम व्हायचं. आमच्या बीचला त्यांचंच नाव आहे, तिथे एक युद्धनौका पण म्युझियम म्हणून उभी केलीय.

गजाली_नको
म्हंजे टागोर अर्धे कोकणीच झाले. म्हावरा पण खाल्ल्यानी असतला.

काळीकाठ
बंगाली माणूस आणि मासे, हा प्रश्न विचारायचा असतो का 😄

अबोली७
मी रत्नागिरीची. कथा वाचताना मला सतत थिबा राजवाडा आठवत होता. ब्रह्मदेशचा राजा थिबा, १८८५ मध्ये इंग्रजांनी राज्य घेतलं, १८८६ पासून रत्नागिरीत नजरकैदेत. राजवाडा बांधून झाला १९१० च्या सुमारास आणि १९१६ मध्ये तो वारलाच, म्हणजे स्वतःच्या वाड्यात जेमतेम काही वर्षं मिळाली. करीम खाँ म्हणतो की त्या महालात इतक्या अतृप्त वासना, इतके शाप साठलेत की एकेक दगड भुकेला झालाय. मग भुकेला कुठला जास्त असेल, जिथे ऐष झाली तो की जिथे माणूस तीस वर्षं समुद्राकडे बघत बसला तो? आम्ही शाळेची सहल घेऊन जायचो तिथे, आत म्युझियम आहे, पोरं व्हरांड्यात डबे खायची. भीती कधीच वाटली नाही. वाईट मात्र वाटायचं.

फुरसं
भीती वाटली नाही कारण तिकीट काढून दिवसा गेलात. करीम खाँचा नियम पाळलात!

चाकरमानी_परळ
घराबद्दल माझे दोन पैसे. आमचं गावचं घर वर्षभर बंद असतं, गणपतीला उघडतो. पहिल्या रात्री माळ्यावर जे काय चालतं ते टागोरांना ऐकवायला पाहिजे होतं. कोणीतरी चालतंय, थांबतंय, परत चालतंय, मधेच काहीतरी ओढत नेतंय. लहानपणी आम्ही सगळी चुलत भावंडं एका गोधडीत. मोठेपणी टॉर्च घेऊन चढलो तर कांडेचोर. उदमांजर हो. सहकुटुंब राहत होतं. पण गंमत सांगतो, कारण कळल्यावर सुद्धा पहिल्या रात्री छातीत धडधडतंच. मेंदूला माहिती आहे आणि पोटाला नाहीये. तेव्हा 'कारण सापडलं, भूत गेलं' हे सड्यावरचा यांचं म्हणणं मला पटत नाही.

सड्यावरचा
पोटाचं पोटाला. कांडेचोर खरा की खोटा?

चाकरमानी_परळ
कांडेचोर खरा. धडधड पण खरी.

अबोली७
हे तर कथेतही आहे ना, तो माणूस स्वतःच आधी म्हणतो की पोट रिकामं असलं की असले भास होतात, काहीतरी दणकून खायला हवं, आणि आचाऱ्याला मस्त मोगलाई जेवण करायला सांगतो. म्हणजे सड्यावरच्यांचा युक्तिवाद त्याने आधीच करून बघितलाय. सकाळी सगळं हास्यास्पद वाटतं, साहेबासारखी टोपी घालून कामावर जातो. आणि संध्याकाळ झाली की पाय आपोआप घराकडे.

हुश्श
हे वाचून झोप उडाली. रात्री देवगडला एकटा आहे. धन्यवाद लोकहो.

फुरसं
@हुश्श खिडकीतून पैंजणांचा आवाज आला तर आधी माळा तपास.

पाणथळ
कोणी समुद्र चमकताना बघितलाय का? थंडीत कधी कधी आमच्याकडे लाटा फुटताना निळ्या पेटतात, वाळूत पाय टाकला की पायाखाली ठिणग्या. हे नॉक्टिल्युका नावाच्या एकपेशीय जीवांमुळे होतं, आता सगळे रील करतात. पण माझे आजोबा रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढायचे, त्यांना नाव माहीत नव्हतं आणि ते घाबरत पण नव्हते. ते म्हणायचे 'पाणी जागं आहे आज'. झोपायला गेले की विषय संपला. मला हे फार आवडतं, की काय आहे ते ठरवायची घाईच नाही. कथेतले ते दोघं नातेवाईक मात्र प्लॅटफॉर्मवरच निकाल लावायला बसले.

बोरूबहाद्दर
पाणथळ, नकळत तुम्ही समीक्षक त्झ्वेतान तोदोरोवचा मुद्दा मांडलात. त्याने १९७० मध्ये असल्या साहित्यावर एक पुस्तक लिहिलं. त्याचं म्हणणं, वाचक 'हे नैसर्गिक की अलौकिक' या दोहोंत घुटमळतो तोवरच हा प्रकार जिवंत. भास ठरला तर गोष्ट एका खणात गेली, भूत ठरलं तर दुसऱ्या. 'क्षुधित पाषाण'मध्ये गाडी येऊन घुटमळणं कायमचं गोठवलंय.

वहाळ
काका, तोदोरोव राहू दे, तुमचं मत काय? भूत की थाप?

बोरूबहाद्दर
माझं मत सोमवार ते शुक्रवार एक आणि शनिवारी दुसरं असतं.

कवडसा
बंगाली मैत्रिणीने सांगितलेलं, काही समीक्षक ही दासी म्हणजे कादंबरीदेवी मानतात, टागोरांची वहिनी, जिने १८८४ मध्ये आत्महत्या केली...

आंबोळी
नको गं बाई. टागोरांच्या कुठल्याही कथेत बाई दिसली की कादंबरीदेवी. त्या बिचारीला निदान या महालातून तरी सुटू द्या.

कवडसा
फक्त सांगितलं हो ताई, मी कुठे म्हटलं पटतं.

तिठ्यावरचा
थिऑसॉफिस्ट हा तपशील लोक सोडून देतायत. १८७९ मध्ये थिऑसॉफिकल सोसायटीचं बस्तान मुंबईला आलं, १८८२ मध्ये मद्रासजवळ अड्यारला गेलं. त्या काळात शिकलेल्या लोकांत याची जाम क्रेझ होती, सूक्ष्म देह वगैरे. कथेतला तो नातेवाईक, अनोळखी माणूस दोन वाक्यं बोलला की लगेच म्हणतो याच्यामागे काहीतरी अलौकिक शक्ती आहे. म्हणजे गोष्ट सुरू व्हायच्या आधीच एकाचा विश्वास ठरलेला आणि दुसऱ्याचा अविश्वास ठरलेला. गोष्टीने कोणाचंच मत बदललं नाही, फक्त भांडण लावून दिलं. व्हॉट्सॲप ग्रुप वाटला मला.

मालगुंडची_लेक
उशिरा आले, सगळं वाचलं. वहाळ, तुमच्या मूळ प्रश्नाकडे येते.

एक गोष्ट कोणीच लिहिली नाही. महालात राहणाऱ्या त्या कर-कलेक्टरचे दोन वेष आहेत. दिवसा आखूड इंग्रजी कोट, तंग विजार, सोला हॅट. संध्याकाळ झाली की लाल मखमली टोपी, सैल पायजमा, फुलांची कशिदाकारी, लांब रेशमी झगा, अत्तराचा रुमाल, सिगारेट टाकून गुलाबपाण्याचा हुक्का. रात्रीचा वेष चढला की तो महालाचा. आणि एका संध्याकाळी घोड्यावरून फिरायला निघताना दिवसाचे कपडे घालायला जातो तेव्हा वावटळ येऊन त्याचा कोट आणि टोपी उडवून नेते, म्हणजे महाल त्याला दिवसाचा माणूस होऊ द्यायलाच तयार नाही.

आता कथेचं अगदी पहिलं पान बघा. ट्रेनमध्ये हा माणूस भेटतो तेव्हा निवेदक काय म्हणतो? की त्याच्या पोशाखावरून आम्हाला तो आधी पश्चिमेकडचा मुसलमान वाटला. शेवटी मात्र निवेदक त्याला 'बाबू' म्हणतो. म्हणजे निघाला बाबूच, पण अंगावर कपडे कुठले? माझ्या मते रात्रीचे. तो अजून महालातल्या वेषातच फिरतोय.

करीम खाँ काय सांगतो तेही धरा. त्या महालात तीन रात्री राहिलेल्यांपैकी एकटा मेहेर अली बाहेर आला आणि तोही वेडा होऊन. मग हा गृहस्थ बाहेर कसा आला? सुटकेचा मार्ग त्याने सांगितलाच नाही. आपण समजून चालतो की गाडी आली म्हणून राहिला. मला वाटतं त्याला माहीतच नव्हता. तो सुटलाच नाहीये. मेहेर अली महालाभोवती ओरडत फिरतो, हा स्टेशनांवर गोष्ट सांगत फिरतो.

थापाड्या असेल तर कपडे का तसे? आणि महाल खरा असेल तर तो प्लॅटफॉर्मवर कसा? दोन्ही बाजूंना एकेक काटा राहतोच.

कोकणकन्या_लेट
आई शप्पथ. पहिल्या पानावरचा पोशाख! परत वाचायला घेतली.

आंबोळी
+१००. लेकी, जिंकलीस.

सड्यावरचा
मस्त निरीक्षण, मानलं. पण प्रवासात लोक सैल कपडे घालतातच. निजामाच्या चाकरीत होता, तिकडचा पोशाख अंगवळणी पडला असेल. एवढ्यावरून अडकलाय म्हणणं जरा ताणलंय.

मालगुंडची_लेक
ताणलंय, मान्य आहे की. पण लेखकाने पोशाखाचा उल्लेख पहिल्या ओळींतच केलाय, मी नाही.

गजाली_नको
माका वाटता तेका करीम खाँनच पाठवल्यान. जा बाबा, दुसरो कोणतरी राहाक येता काय बघ.

फुरसं
बाप रे. भुताचा इस्टेट एजंट.

हुश्श
मी लाईट चालू ठेवून झोपतोय.

वहाळ
मालगुंडताई, कपड्यांचा मुद्दा कट्ट्यावर कोणालाच सुचला नव्हता. तरी मी माझ्या मतावर ठाम. शेवट बघा ना: फर्स्ट क्लासच्या डब्यातून एक नुकताच जागा झालेला इंग्रज डोकं बाहेर काढून स्टेशनचं नाव वाचतोय, याला बघून 'हॅलो' ओरडतो आणि आपल्या डब्यात घेतो. झपाटलेल्या माणसाला साहेब मित्र असतात? टापटिपीचा, ओळखीपाळखीचा माणूस आहे, लेट गाडीत वेळ काढायला दोन बाबूंची फिरकी घेतली, झालं.

तिठ्यावरचा
उलट! साहेब ओळखतो म्हणजे हा खरंच मोठा अधिकारी होता. जुनागढ, निजाम, कर गोळा करणं, ही सगळी बतावणी नव्हती. निवेदकाला त्याच्या बढाया खोट्या वाटत होत्या, त्या तर खऱ्या निघाल्या. मग महालाचंच तेवढं खोटं कशावरून?

वहाळ
साहेब 'हॅलो' म्हणाला, 'महालाचं ऐकलं' नाही म्हणाला. माझ्या ओळखीत कलेक्टर कचेरीतले पण पट्टीचे थापाडे आहेत.

मालगुंडची_लेक
आणि तो साहेब पण झोपेतून उठलेलाच होता हं. त्याच्या साक्षीला कितपत किंमत द्यायची बघा.